रस्ता सोडून डोंगरात धावताना

शर्यत पंचवीस किलोमीटरची होती. सतराव्या किलोमीटरला मी एका कातळावर बसले होते आणि बोटातली अंगठी निघत नव्हती. पहाटे घरून निघताना हीच अंगठी सैल होती. डोके जड झाले होते, मळमळत होते. पाणी वाटणारा गावातला मुलगा धावत आला आणि बाटली पुढे करून म्हणाला, "मावशी, पाणी प्या अजून, बरं वाटंल."

मी पंधरा वर्षे वॉर्डात काढली आहेत. सुजलेली बोटे, जड डोके आणि मळमळ पाहिल्यावर काय समजायचे ते मला कळत होते. रक्तातले सोडियम खाली आले की अशी लक्षणे दिसतात. पेशंटमध्ये ती अनेकदा पाहिली होती, स्वतःच्या अंगावर पहिल्यांदाच पाहत होते. मी त्याला म्हटले, "पाणी नको रे बाळा. कुणाकडे खारं काही आहे का बघ." त्याने खारे शेंगदाणे आणून दिले. तासाभराने लघवी झाली, डोके हलके झाले. शर्यत मात्र मी तिथेच सोडली आणि त्याच मुलाचा हात धरून गावात उतरले.

रस्त्यावर पाच हाफ मॅरेथॉन पूर्ण केलेली बाई डोंगरात का अडकली? कारण मी डोंगरातही रस्ताच धावत होते. तोच वेग, तेच घड्याळ आणि पाण्याचे प्रत्येक टेबल आले की दोन ग्लास पाणी. आता आमच्या गटातल्या मैत्रिणी विचारतात, "ताई, ट्रेलच्या शर्यतीत नाव घालू का?" मी सांगते, जरूर घाला. पण तयारी डोंगराची करा.

किलोमीटरवर जाऊ नका

रस्त्यावर आपण अंतर पाहतो. डोंगरात अंतराइतकाच चढ महत्त्वाचा. ट्रेल रनिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा एक सोपा हिशेब आहे: दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्त धरायचा. माझ्या शर्यतीत एकूण चढ ११०० मीटर होता. म्हणजे कागदावर २५ किलोमीटर असले तरी पायांच्या हिशेबात ते ३६ होते. मी मात्र हाफ मॅरेथॉनच्या वेळेवरून सव्वातीन तासांचे गणित मांडून गेले होते.

वेळेचा अंदाज काढायला दुसरा एक जुना नियम उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला. सपाटीला तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. २५ किलोमीटरचे पाच तास आणि ११०० मीटर चढाचे जवळजवळ दोन तास, म्हणजे चालणाऱ्याला सात तास. थोडे चालत, थोडे धावत गेलात तर त्याहून कमी लागतील. पण शर्यतीची वेळमर्यादा चार तासांची असेल, तर ती शर्यत सध्या आपली नाही हे घरबसल्याच कळते.

पहिली शर्यत दहा-बारा किलोमीटरची आणि पाचशे मीटरच्या आतल्या चढाची निवडा. नाव घालण्याआधी आयोजकांना चार प्रश्न विचारा: एकूण चढ किती? वेळमर्यादा किती? पाण्याच्या दोन ठिकाणांमध्ये अंतर किती? डॉक्टर कुठे बसणार? या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली नाहीत तर पैसे भरू नका.

नाव घालण्याआधी तपासण्या

बूट नंतर घ्या, आधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. सपाटीवर हळूहळू धावताना कमी हिमोग्लोबिन झाकून जाते. चढावर ते झाकत नाही. धाप लागते, छातीत धडधडते, आणि आपल्याला वाटते की सराव कमी पडला. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली असेल तर आधी उपचार घ्या, मग चढाचा सराव सुरू करा.

दुसरी तपासणी सिकलसेलची. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. आपल्यातली बरीच कुटुंबे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला आली, पण रक्त तेच आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आला असेल तर ती व्यक्ती वाहक असते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. बहुतेक वाहकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, म्हणून अनेकांना आपण वाहक आहोत हेच ठाऊक नसते. पण कडक ऊन, शरीरात पाणी कमी आणि दम कोंडेपर्यंत केलेला जोर ही तिन्ही एकत्र आली तर वाहकाच्याही रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकू शकतात. स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो, स्नायू विरघळू लागतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो.

घाबरून घरी बसावे असे मात्र नाही. अमेरिकेच्या लष्करातल्या जवळजवळ ४८,००० कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. स्नायू विरघळण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त होता. त्या लष्करात ऊन, पाणी आणि विश्रांती यांचे नियम सगळ्यांनाच लागू होते. यातून आपण घ्यायचे ते एवढेच: वाहकाने धावावे, पण नियम पाळून. चढावर जीव तोडून धावू नये, मध्ये मध्ये थांबावे, ताप किंवा जुलाब झाले असतील तर त्या आठवड्यात शर्यत करू नये.

एक खूण लक्षात ठेवा. नेहमीच्या गोळ्यात पोटरी दगडासारखी घट्ट होते, हाताला लागते. सिकलसेलच्या त्रासात मांड्या दुखतात, त्यातली ताकद जाते, पण हाताला स्नायू मऊच लागतो. असे झाले तर तिथेच बसा. पुढे 'जरा रेटून पाहू' म्हणू नका. लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट रुग्णालय गाठा आणि पहिले वाक्य हे सांगा की मी सिकलसेल वाहक आहे. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेल आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढाच्या शर्यतीच्या वाटेला जाऊ नये.

चाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि ईसीजीही करून घ्यावा. धावताना कधी छातीत दुखले असेल किंवा चक्कर येऊन पडला असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.

चढ चालत जा

रस्त्यावरच्या धावपटूला चालण्याची लाज वाटते. मलाही वाटायची. डोंगरात पहिल्या येणाऱ्यासुद्धा उभ्या चढावर चालतात, कारण त्या ठिकाणी धावण्याचा आणि भराभर चालण्याचा वेग जवळजवळ सारखाच असतो, पण धावल्याने दम जास्त जातो.

घड्याळ न पाहता चढाचा वेग ठरवायची एक रीत आहे. चढताना शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे. पावले छोटी टाका. फार उभा चढ असेल तर तळहात मांडीवर टेकवून जोर द्या. आपल्या आया डोक्यावर सरपण घेऊन चढ चढायच्या, त्या कधी घाई करायच्या नाहीत आणि मध्ये थांबायच्याही नाहीत. चाल तशी हवी.

उतारावर खरी परीक्षा

चढाने दम जातो, उताराने पाय जातात. उतरताना मांडीचा स्नायू ब्रेक लावण्याचे काम करतो. तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्यामुळे त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणे त्याच दिवशी फार नसते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. सिंहगडावरून पहिल्यांदा धावत उतरले, त्यानंतर दोन दिवस मला शौचालयात बसता येत नव्हते.

यावर शरीराकडेच एक चांगले औषध आहे. एकदा थोडा उतार धावून पाय दुखले की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते तितके दुखत नाहीत. म्हणून उताराचा सराव थोडा थोडा वाढवत न्या: पहिल्यांदा दहा मिनिटे, दहा दिवसांनी वीस. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही.

उतरताना मागे रेलू नका. मागे रेलले की टाच आधी टेकते आणि घसाऱ्यावर पाय सटकतो. गुडघे किंचित वाकवा, पावले छोटी आणि भराभर टाका, हात थोडे पसरा. नजर पायाशी ठेवू नका, तीन-चार पावले पुढे ठेवा. मुरमाड वाट असो की कारवीच्या काटक्यांनी भरलेली, पाय कुठे ठेवायचा ते आधी ठरलेले हवे. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कोणताच बूट धरत नाही. तिथे चालावे, गरज पडली तर बसून उतरावे.

डोंगर जवळ नसेल तर

पायऱ्या सगळीकडे आहेत. पुण्यात पर्वती आहे, नाशिकला त्रिरश्मी लेण्यांची वाट आहे, लोणावळ्याजवळ कार्ले-भाजे, मुंबईत कान्हेरीचा रस्ता, नागपुरात सेमिनरी हिल. लेण्यांच्या पायऱ्यांवर सरावाला जायचे तर पहाटे, गर्दीच्या आधी जा. आत धावपळ नको. हेही जमत नसेल तर चार मजली इमारतीचा जिना दहा वेळा चढा-उतरा.

रस्त्यावर दहा किलोमीटर सहज धावणाऱ्या व्यक्तीला बारा आठवडे पुरतात. पहिले चार आठवडे नेहमीचे धावणे चालू ठेवा, पण आठवड्यातून एक दिवस डांबर सोडून मैदानावर किंवा शेताच्या पायवाटेवर चाळीस मिनिटे धावा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात रविवारी दीड-दोन तास चढ-उतार करा. नवव्या-दहाव्या आठवड्यात एकदा शर्यतीच्या पाऊण चढाइतका सराव करा, तोही शर्यतीच्याच पिशवीसह, त्याच बुटात, तेच खात-पीत. शेवटचे दोन आठवडे हलके ठेवा.

आठवड्यातून दोनदा घरच्या घरी वीस मिनिटे द्या. हात न टेकवता खुर्चीतून उठा-बसा. जिन्याच्या एका पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवा आणि वर घ्या. टाचा उचला. रोज दात घासताना एका पायावर उभे राहा, निम्मा वेळ डावा, निम्मा उजवा. घोटा मुरगळण्यापासून वाचवायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पाणी आणि मीठ

माझी चूक इथे झाली होती. जास्त पाणी म्हणजे जास्त सुरक्षित, असे आपल्या मनात बसले आहे. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, त्यात १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले. ज्यांचे वजन शर्यतीत वाढले, म्हणजे ज्यांनी घामापेक्षा जास्त पाणी प्यायले, त्यांना धोका अधिक होता. हळू धावणाऱ्यांनाही होता, कारण त्यांच्याकडे पिण्यासाठी वेळ भरपूर असतो. डोंगरात आपण सगळेच हळू असतो.

म्हणून तहान लागेल तसे घोट घोट प्या. साधारण तासाला अर्धा लिटर धरा, उन्हात थोडे जास्त. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच घाला, निम्म्या पाण्यात नको. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे का ते पाहा. गोड पेयांच्या डब्यांना फसू नका. ओआरएसमध्येही रक्तापेक्षा मीठ कमीच असते, त्यामुळे तेही पोटभर ढोसायचे नसते.

दुसऱ्या टोकाची चूक आपल्या बायका करतात. डोंगरात शौचालय नाही म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मैत्रिणींनो, दोघी-तिघी मिळून आडोशाला जा, लाजू नका. पाळीचे दिवस असतील तर पॅड आणि एक जादा पिशवी ठेवा, वापरलेले परत खाली आणा.

एक तासापेक्षा जास्त वेळ लागणार असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जायला हवेत. एक केळे आणि दोन-तीन खजूर मिळून हा हिशेब बसतो. मीठ लावलेला उकडलेला बटाटाही छान चालतो. जे सरावात खाल्ले नाही ते शर्यतीत पहिल्यांदा खाऊ नका. शर्यतीआधी दुखण्याची गोळी घेऊन निघण्याची सवय काहींना असते. घाम आणि दम असताना त्या गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात, म्हणून त्या घरीच ठेवा.

डोंगरात ॲम्ब्युलन्स पोचत नाही

रस्त्यावर पडलात तर १०८ क्रमांकाची गाडी जवळ येते. डोंगरात आधी माणसाला गाडीपर्यंत आणावे लागते. म्हणून सोबतच्या प्रत्येकाला पुढच्या गोष्टी माहीत हव्यात.

घोटा मुरगळला तर दोन गोष्टी पाहा. घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर खूप दुखते का? चार पावले टाकता येतात का? हाड दुखत असेल किंवा चार पावले टाकता येत नसतील तर हाड मोडलेले असू शकते, एक्स-रे लागेल. तेल चोळून चालायला लावू नका.

उन्हात धावणारी व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, झोकांड्या खाऊ लागली, अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजा. आधी तिथेच थंड करा, मग हलवा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

सह्याद्रीच्या दगडांत फुरसे असते, दगडाच्याच रंगाचे. दिसत नाही तिथे हात घालू नका. साप चावला तर कापू नका, करकचून बांधू नका. अंगठी-बांगडी काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर आरडाओरड करू नका आणि सुगंधी तेल-अत्तर लावून जाऊ नका.

थंडीला हसू नका. चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुटला. १७२ धावपटूंपैकी २१ जण गारठून मेले, त्यात नावाजलेले धावपटूही होते. अनेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन वाचवले. आपल्याकडे तेवढी थंडी नसते. पण पावसाळ्यात माथ्यावर ओल्या अंगाने, थकून, वाऱ्यात थांबावे लागले तर इथेही माणूस गारठतो. वारा अडवणारे पातळ जाकीट मुठीत मावते, ते न्याच.

पिशवीत एवढे हवे

- एक-दीड लिटर पाणी, ओआरएसची पुडी
- केळे, खजूर, खारे शेंगदाणे
- वारा अडवणारे जाकीट, टोपी
- शिट्टी, छोटी बॅटरी, चार्ज केलेला मोबाईल
- क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्टी
- कागदावर नाव, रक्तगट, घरचा फोन, औषधे, आणि असल्यास 'सिकलसेल वाहक' ही नोंद

बूट अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा घ्या, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात. नखे दोन दिवस आधी कापा. कोरड्या वाटेवरच्या दहा किलोमीटरला तुमचा रस्त्यावरचा चांगल्या तळव्याचा बूट चालतो. महागड्या बुटांसाठी थांबू नका. सरावाला एकट्या मात्र जाऊ नका. तिघी-चौघी जा आणि कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार हे घरी सांगून जा.

कधी थांबायचे ते आधी ठरवा

शर्यतीच्या मध्यात डोके नीट चालत नाही. तिथे निर्णय घेणे अवघड जाते, म्हणून घरीच ठरवून निघा. छातीत दुखले, भान हरपू लागले, बोटे सुजून डोके दुखू लागले, मांड्यांतली ताकद गेली, किंवा चार पावले नीट टाकता आली नाहीत, तर मी थांबेन. हे सोबतिणीलाही सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही ऐकत नसाल तर ती थांबवेल.

पुढच्या वर्षी मी बारा किलोमीटरची शर्यत निवडली. सगळे चढ चालत गेले, तहान लागली तेव्हाच प्यायले, अंगठी घरी ठेवली. सव्वादोन तास लागले. शेवटून नववी आले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरून कामावर गेले.

तुम्हीही नाव घाला. पण त्याआधी या आठवड्यात एक काम करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी कुठे होते ते विचारून तीही करून घ्या. सोबत घरातल्या धावणाऱ्या लेकरांनाही न्या.